नानांचा फायटर आणि केळीचं पान

फायटर मासा मेला की माणसं त्याला बरणीत घालून दुकानात आणतात. लोणच्याची बरणी, मधाची बाटली, एका बाईंनी तर मुलीच्या शाळेच्या डब्यात आणला होता. बरणी काउंटरवर ठेवायची, काही बोलायचं नाही, नुसतं माझ्याकडे बघायचं. मग मी विचारतो, "पाणी बदललं होतं का?"

हा प्रश्न म्हणजे आमच्या धंद्यातलं हुकमाचं पान. गिऱ्हाईक म्हणालं, हो, बदललं, तर म्हणायचं, "तिथेच चुकलं, एकदम बदलायचं नसतं." म्हणालं, नाही बदललं, तर म्हणायचं, "मग जगणार कसा बिचारा?" दोन्हीकडून चूक गिऱ्हाइकाच्याच पदरात. मी ज्या दुकानात काम शिकलो त्या मालकाकडून हे उचललं आणि जळगावात स्वतःचं दुकान टाकल्यावर बावीस वर्षं इमानेइतबारे वापरलं. दिवाळी अंकासाठी माशांच्या गमतीजमती लिहा, असं मला सांगितलं गेलंय. गमती आहेत. सोफ्याच्या रंगाचा मासा मागणारे साहेब आहेत. दोन फायटर एकाच भांड्यात टाकून झुंज लावायची म्हणणारे शहाणे आहेत, त्यांना मी दुकानाबाहेर काढलंय. पण लिहायला बसलो की हे सगळे बाजूला होतात आणि डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो. सावद्याचे नाना. तेव्हा त्यांचंच लिहितो. गंमत त्यात फारशी नाही, आधीच सांगून ठेवतो.

नाना पहिल्यांदा आले ते दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली होती तेव्हा. सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. केळीचे बागायतदार. दुकानात येऊन त्यांनी सगळ्या टाक्या एकेक करून पाहिल्या आणि मग म्हणाले, "भाऊ, मले एक मासा पाह्यजे. पन जगनारा."

मी माझ्या सवयीने फटकळपणे म्हणालो, की मरणारे मासे मी वेगळे ठेवत नाही. ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, पावसाळ्यात लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नजर असून नसल्यासारखी. घरातलं कोणी समोर आलं तरी बघायच्या नाहीत. घास भरवायला गेलं तर तोंड मिटून घ्यायच्या. मग एकदा तपासणीला जळगावला आणलं, तर डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. नाना चिठ्ठीची वाट पाहत होते आणि त्यांनी पाहिलं की अक्कांचे डोळे हलतायत. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. चार महिन्यांत पहिल्यांदा. नानांनी तिथल्या पोऱ्याला विचारलं, हे मासे कुठे मिळतात, आणि तडक माझ्याकडे आले.

तोवर मी माझा फटकळपणा गिळला होता.

मी त्यांना फायटर सुचवला. पुस्तकात त्याला बेटा म्हणतात, बाजारात फायटर. अंगठ्याएवढा जीव, पण पिसारा असा की नवी नवरी मागे पदर सोडून चालते तसं वाटावं. त्याला पाण्याच्या वर येऊन तोंडाने हवा घेता येते, त्यामुळे लोकांचा समज असा की हा काचेच्या पेल्यातही जगतो. पेल्यात तो जगत नाही, मरायला वेळ लावतो. दुकानदार त्याला प्लास्टिकच्या ग्लासात ठेवतात ते दोन नर एकत्र नांदत नाहीत म्हणून, आणि जागा नसते म्हणून. मीही ठेवतो. पण नवख्या माणसाला सांगताना मी कधी कंजुषी केली नाही. पंधरा-वीस लिटरची टाकी घ्या. वर झाकण हवंच, कारण हा उडी मारतो. पाणी काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा ठेवा. फिल्टर स्पंजाचा, हळू चालणारा, कारण इतका पिसारा घेऊन त्याला धारेत पोहवत नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून ते पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग वापरायचं. थंडीत छोटा हीटर. खाणं दोन दाणे सकाळी, दोन संध्याकाळी. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे, मासा आज नाही. तीन आठवड्यांनी.

इथे नव्वद टक्के गिऱ्हाईक चिडतं. नवीन टाकीतलं पाणी कच्चं असतं. माशाची घाण पचवणारे जंतू त्यात तयार व्हायला वेळ लागतो. तोवर मासा टाकला तर स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. हे मी रोज घसा कोरडा करून सांगतो आणि लोक दुसऱ्या दुकानातून मासा घेऊन जातात. नानांनी मात्र ऐकलं. टाकी घेऊन गेले, अक्कांच्या खाटेसमोर स्टुलावर मांडली, मी सांगितलं तसं, जंतू वाढावेत म्हणून, चिमूटभर खाणं रोज रिकाम्या पाण्यात टाकत राहिले. आठवड्यातून दोनदा फोन यायचा. एकदा म्हणाले, "भाऊ, लोकं म्हंतात नाना पानी पाळते." मला हसू आलं. ते पण हसले, तेवढंच एकदा.

तीन आठवड्यांनी येऊन त्यांनी मासा निवडला. गडद निळा, पिसाऱ्याला लाल कड. सावद्याला पोचल्यावर पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी आत घेतलं, सगळं सांगितल्याबरहुकूम. संध्याकाळी फोन आला. अक्का बघतायत म्हणाले. मग फोन सुनेने घेतला.

पुढचे काही महिने मला नानांच्या घरची खडान्‌खडा माहिती असायची. त्यांनी एक रीत बसवली होती. आधी हात स्वच्छ धुवायचे, माशाला दोन दाणे टाकायचे. मासा वर येऊन दाणा गिळायचा तेव्हा अक्कांचंही तोंड आपोआप उघडायचं. तेवढ्यात नाना पातळ खिचडीचा घास भरवायचे. आधी त्याला, मग तिला. दुसऱ्या कोणाच्या हातचं त्या घ्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणीसुद्धा तापतं, त्या दिवसांत नानांनी टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, कूलर अक्कांकडे निम्मा आणि टाकीकडे निम्मा वळवला. मासा जगला. चैत्र-वैशाखात जळगाव जिल्ह्यात फायटर जगवणं हे माझ्यासारख्यालाही दरवर्षी जमत नाही. मी आल्यागेल्याला नानांचं उदाहरण द्यायला लागलो होतो. मास्तरला हुशार विद्यार्थ्याचा असतो तसा मला त्यांचा अभिमान वाटायचा.

श्रावणात फोन आला. माशाचा पिसारा कडेने झिजायला लागलाय, सुताच्या दशा निघाव्यात तसा. हे पावसाळ्यात होतं. यावर देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकतात. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि जखम भरते. माझ्याकडची पानं संपलेली होती. माल यायला आठ दिवस होते. खरं म्हणजे जळगावात बदामाची झाडं काय कमी आहेत, मी सायकलवर जाऊन चार पानं आणली असती आणि बसने पाठवली असती. पण दुकानात गर्दी होती, आणि मला शहाणपणा सुचला. मी म्हणालो, "नाना, केळीचं वाळलेलं पान पण चालतं. तुमच्या बागेत काय तोटा आहे?"

हे खोटं नव्हतं. केळीचं पान चालतं. नानांनी विचारलं, घरच्याच बागेचं टाकू ना? मी म्हणालो, घरचंच टाका, आपण ज्यावर जेवतो त्या पानाने माशाला काय होणार आहे.

आमच्या खानदेशातल्या माणसाने करावी अशी ही चूक. केळीचं पान म्हणजे आम्हाला सत्यनारायणाचं पान, पंगतीचं पान. त्यात काही वाईट असेल हे मनातही येत नाही. पण पंगतीचं पान परसातल्या झाडाचं असतं. बागेतल्या केळीवर पावसाळ्यात करपा रोग पडतो आणि करप्यावर फवारणी होते, ती बुरशीनाशक तेलात कालवून, पानावर चिकटून राहावी म्हणून. माझा जन्म धुळ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. वडील कपाशीवर फवारायचे, त्या वासात मी वाढलो. मला हे कळायला हवं होतं. नाना तर जन्माचे केळीवाले. पण अक्का आजारी पडल्यापासून ते बागेत फिरकले नव्हते. बाग मुलगा बघायचा. पान आणायला त्यांनी सालदाराला, म्हणजे वर्षाच्या गड्याला, पाठवलं, त्याने हातासरशी पहिलं वाळकं पान तोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी नाना दुकानात आले. पिशवीतून बरणी काढून काउंटरवर ठेवली. निळा मासा तळाशी आडवा पडला होता. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी झाकण उघडलं आणि मला वास आला. मंद, पण तोच. बरणी उजेडाकडे धरली तर पाण्यावर तेलाचा पातळ तवंग होता, रस्त्यावरच्या डबक्यात असतो तसा रंगीत. हा मासा वर येऊन हवा घेतो, तेव्हा प्रत्येक श्वासाला ते त्याच्या तोंडात गेलं असणार. एका क्षणात मला सगळं कळलं.

नानांनीच विचारलं, "ते पान त नाही ना, भाऊ?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यातल्या एकाला मी नुकतंच अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, मासे कसे जगवायचे यावर. ती तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून बावीस वर्षांची सवय बोलली. मी म्हणालो, पानाने काही होत नसतं. पाणी बदललं होतं का? नाना म्हणाले, नाही, आठवड्याच्या ठरल्या वारी बदलतो तेवढंच, पाव हिस्सा. ते इतकं बिनचूक होतं की मला धरायला जागाच मिळेना. मग मी दुसरं काढलं.

"हाताला काही लागलं असेल तुमच्या. साबण, तेल, काहीतरी. एवढंसं पुरतं त्याला."

नानांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि पाहिले. तळवे, मग उलटे करून मागची बाजू. मोठे हात होते, बोटांची पेरं सुजलेली, केळीच्या चिकाने नखं कायमची काळी झालेली. म्हणाले, "असीन."

मी दुसरा मासा देतो म्हणालो, तसाच, पैसे नको. तेव्हा मला वाटत होतं की मी मोठं मन दाखवतोय. त्यांनी मान हलवली. "नको. दुसरा काहाले मारू?" बरणी पिशवीत ठेवली आणि गेले. मी त्यांना फक्त एवढं सांगितलं, की ते पान काढून टाका, टाकी धुऊन ठेवा, कधी मन झालं तर या. पान काढायला का सांगतोय हे नाही सांगितलं.

संध्याकाळी जेवताना बायकोला सांगितलं. ती धुळ्याची, घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तिने हातातली पोळी ताटात ठेवली. "त्या म्हातारानी काय चूक शे? फोन करीसन सांगी दे त्यास्ले." मी म्हणालो, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी माल आला. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता काय उकरून काढायचं, एक मासाच तर होता. पोळा झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. नानांचा फोन येणं बंद झालं होतं, आणि खरं सांगतो, ते मला बरंच वाटत होतं.

माघात त्यांच्या सुनेचा फोन आला. अक्का गेल्या होत्या, दिवस होऊन गेले होते. ती म्हणाली, टाकी कोपऱ्यात पडून आहे, नानांना बघवत नाही आणि टाकूही देत नाहीत, तुम्ही घेऊन जाल का? मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. वाटेत भुसावळपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. फवारणीचं सांगायचं, माझी चूक झाली म्हणायचं, ते म्हणतील, जाऊ दे भाऊ, आणि चहा होईल. माणूस स्वतःची माफी पण आधीच ठरवून निघतो.

नाना शेतात गेले होते, यायला वेळ होता. सुनेने पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसून बोलायला लागली. माझ्याशी बोलायचं म्हणून नव्हे, कोणाशी तरी बोलायचं होतं तिला. म्हणाली, मासा गेला त्या दिवसापासून नानांनी अक्कांना भरवणं सोडलं. जळगावहून आले ते हात पाठीमागे बांधून. म्हणाले, माझ्या हाताला काहीतरी आहे, एवढासा जीव माझ्या हाताने गेला, हिला काही झालं तर? सगळ्यांनी समजावलं. हात साबणाने धुवा म्हटलं तर म्हणाले, साबणानेच होतं. मग ती भरवायची, एक बाई ठेवली ती भरवायची. अक्का तोंड मिटून घ्यायच्या. डोळे नानांना शोधायचे. नाना समोर खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शेवटी डॉक्टरांनी नाकातून नळी घातली.

सहा महिने.

ती सांगत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. कोपऱ्यात टाकी होती. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, झाकण लावलेलं. आत दाण्यांची डबी ठेवलेली होती.

नाना आले. मला पाहून त्यांना आनंद झाला, तेच मला सहन झालं नाही. त्यांनी टोपी काढली, खुर्चीवर बसले. जुळवलेली वाक्यं मी सगळी विसरलो. म्हणालो, "नाना, तुमच्या हाताला काही नव्हतं. ते पानच होतं. फवारलेलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. लोकांसमोर माझी लाज जाईल म्हणून मी तुमच्यावर ढकललं."

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, टाकी अंगावर फेकली असती, तर मी मान खाली घालून घरी गेलो असतो आणि फिट्टंफाट झाली म्हणालो असतो. त्यांनी पुन्हा आपले हात समोर धरले. दुकानात धरले होते तसेच.

"मंग माह्या हाताले काही नव्हतं?"

"नव्हतं, नाना."

"ती तोंड उघडे," ते म्हणाले. "बाई बाजूले झाली का माह्याकडे पाहून तोंड उघडे. मी पाहू नाही." मग सुनेकडे न बघता, माझ्याकडे न बघता, खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "आता हे तिले कोन सांगीन, भाऊ?"

सून आत निघून गेली. मी उभा राहिलो, परत बसलो. काही वेळाने नानाच उठले. कोपऱ्यातली टाकी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या हातात दिली. देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. दाण्यांची डबी मात्र त्यांनी काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. दारापर्यंत आले. पुन्हा या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही म्हणाले नाहीत.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मी परत सावद्याला गेलेलो नाही. दुकानात हल्ली पुतण्या बसतो, मी गुडघ्यांमुळे दुपारपर्यंतच असतो. परवा तो एका गिऱ्हाइकाला बरणी बघून विचारत होता, पाणी बदललं होतं का? मी त्याच्यावर एवढा खेकसलो की गिऱ्हाईकच घाबरलं. त्याला कळलं नाही काय चुकलं. कळणार कसं, शिकवलं मीच होतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, टाकी मांडीवर घेतली. शेजारी एक बाई होत्या, नशिराबादला उतरणार होत्या. बराच वेळ टाकीकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, एवढी चांगली टाकी, मासे नाहीत का हो यात?

"एक होता," मी म्हणालो. "माझ्या हातून मेला."